गाडी समतल उभी होती

मी, राजकुमार गोमाजी कापगते, वय सत्तावन्न, व्यवसाय शिक्षक, विषय संस्कृत, राहणार एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला साकोलीच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्या विद्यार्थ्यांचे मत याहून वेगळे असू शकेल, पण ते विचारात घेण्याची कायद्यात सोय नाही. लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी नाही.

कारण असे की येत्या पंचवीस तारखेला, मंगळवारी, नागपूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही नाही. आणि त्याच दमात म्हणाले, कागदपत्रे आवरून ठेवा. वकीलसाहेबांनी सगळे दोन पानांत बसवायला सांगितले. थोडक्यात लिहावे हे मलाही पटते. पण सूत्र लिहिले की त्यावर भाष्य करणारा कोणीतरी लागतो. तसा माणूस हाताशी नसल्यामुळे दोन्ही कामे मीच करतो.

कलम १. एकोडीचे राहते घर, आतल्या सामानासह आणि बँकेतल्या शिलकेसह, माझी एकुलती मुलगी अंजू हिला मिळावे. ती हैदराबादला नोकरी करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मागच्या दाराची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. हे फक्त तिच्या आईला आणि मला माहीत होते. आता एकट्या मलाच माहीत आहे, म्हणून इथे नोंदवतो. संस्कृतात दोघांसाठी वेगळे वचन आहे. रेणू गेल्यापासून या घरात त्याला काम उरलेले नाही.

अंजू, मंगळवारची गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. फोनवर तू विचारलेस तेव्हा साधी तपासणी आहे म्हणालो. तुझे बाळ चार महिन्यांचे आहे. हे वाचत असशील तर रागव, पण बाळ झोपल्यावर.

कलम २. तलावाखालची दोन एकर धानाची बांधी अंजूच्या नावे व्हावी, मात्र चिंधू ती कसतो आहे तोवर त्याच्याकडून काढू नये. माझ्या शेतात उभा राहून तो शेतीवर बोलतो आणि मी ऐकतो. आठवड्यातले माझे सर्वांत लांब संभाषण तेच असते.

कलम ३. लाकडी शिडी, बारा पायऱ्यांची. ही माझा चुलतभाऊ अमर याला दिली आहे असे समजावे. ती नेऊन त्याला अकरा वर्षे झाली. मी मागितली नाही, त्याने आणली नाही. आता ते रीतसर दान झाले, आणि अमरला निदान माझ्या तेरवीला मान वर करून येता येईल.

कलम ४. कोश, व्याकरणे आणि माझ्या हस्ताक्षरातल्या टिपणांच्या अकरा वह्या शाळेच्या ग्रंथालयाला द्याव्यात. संस्कृत हा जास्त गुण मिळवून देणारा विषय आहे म्हणून तो घ्यावा, असे आमच्या शाळेत दरवर्षी जूनमध्ये सांगितले जाते. पुस्तके नेणाऱ्याने हे वाक्य त्यांच्यासमोर बोलू नये.

कलम ५. शेजारच्या गोदावरीबाईंना आमच्या विहिरीचे पाणी त्या असेपर्यंत मिळावे. सात वर्षे त्या भिंतीवरून वाटीभर भाजी देतात आणि म्हणतात, "उरली होती गा मास्तर." एकट्या बाईच्या घरी रोज एवढी भाजी उरत नाही, हे मला गणित न शिकवताही कळते.

कलम ६. मोटार, लांब, पांढरी, जर्मन बनावटीची, सन एकोणीसशे नव्वद. कागदोपत्री ती स्टेशन वॅगन आहे. एकोडीत तिला उठणारी गाडी म्हणतात. या कलमाला वेळ लागेल.

माझे वडील गोमाजी धानाचे व्यापारी होते. दोन हजार चार साली नागपूरच्या एका लिलावात त्यांनी ही घेतली. परदेशी इंजिनिअर काम संपवून मायदेशी गेले आणि गाडी मागे ठेवून गेले. बाबांनी इंजिन पाहिले नाही. मागचे दार उघडून आत पोती किती बसतील ते वितीने मोजले. पहिल्या सुगीत सहा पोती चढवली तेव्हा गाडीची मागची बाजू जमिनीकडे गेली. बाबांनी इंजिन चालू केले आणि मिनिटभरात, कोणी हात न लावता, ती पुन्हा वर आली, रिकामी असताना असते तेवढीच. गाव जमले. एका म्हातारीने मागच्या चाकाला हळदकुंकू वाहिले. पुढे महिनाभर बाबा धान विकण्याऐवजी तीच पोती चढवून उतरवून लोकांना दाखवत होते.

हे कसे होते ते ज्याच्या हाती गाडी जाईल त्याला ठाऊक असावे. इंजिनला जोडलेला पंप दाबाने तेल मागे पाठवतो. मागे एक वॉल्व्ह आहे, त्याला बोटाएवढी दांडी आहे. बाजू खाली गेली की दांडी हलते, वॉल्व्ह उघडतो, तेल चाकांजवळच्या दोन नळकांड्यांत शिरते आणि गाडी उचलते. प्रत्येक नळकांड्याला कवठाएवढा एक लोखंडी गोळा जोडलेला आहे. गोळ्यात रबरी पडदा. अलीकडे तेल, पलीकडे कोंडलेला वायू. उंची तेल सांभाळते, मऊपणा वायू सांभाळतो. हे शेवटचे वाक्य मी चौदा वर्षे गाडीच्या पुस्तकात वाचत होतो आणि मला ते कळले नव्हते.

मागच्या बाजूची तक्रार आली तर या क्रमाने पाहावे. आधी तेल. गाडी रिकामी, सपाट जागेवर, इंजिन चालू, मग तेलाच्या डबीतली पट्टी पाहायची. बाबा पोती भरलेली असताना पाहत. ओझे असले की तेल मागे नळकांड्यांत गेलेले असते, त्यामुळे डबीत ते कमीच दिसते. बाबा वरून ओतत. पोती उतरली की ते सगळे परत येई आणि डबीतून सांडून आमच्या अंगणात वाहत येई. दोन वर्षे आमच्या तुळशीला जर्मन तेल मिळाले.

तेल ठीक असेल तर मागे दोन जाड माणसे बसवावीत. गाडी मिनिटभरात उठली नाही तर दांडी सोडवून, ती ज्याला जोडलेली असते तो वॉल्व्हचा दांडा हाताने वर ढकलावा. त्याने उठली तर दांडी वाकली आहे किंवा निसटली आहे. तरीही नाही उठली तर डबीकडे परत येणारा पाइप ढिला करून तेल येते का बघावे. नसेल येत तर पंप गेला. इथे माझा आवडता न्याय लागू पडतो: हे असताना ते असते, हे नसताना ते नसते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचे.

उठते, पण उभी ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळी बसलेली आढळते, असे असेल तर तेल कुठेतरी झिरपते आहे. खाली पुठ्ठा टाकून ठेवावा. डाग कुठे पडला ते पुठ्ठा सांगतो.

आणि शेवटची चाचणी. गाडी उठते, उभी राहते, पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मध्ये येतो, आणि तरीही चालताना लाकडी खाटेसारखी आपटते. तेव्हा मागच्या बाजूवर दोन्ही तळहात ठेवून जोर द्यावा. चार बोटे दबून परत आली तर ठीक. तलावाच्या पाळीवरचा दगड दाबल्यासारखे वाटले तर गोळे मेले. आतला पडदा फाटला, वायू गेला. गाडी समतल दिसते, कारण उंची तेलाची असते. बाकी तिच्यात काही उरलेले नसते.

ही चाचणी करायला अर्धे मिनिट लागते. मी ती केली नाही.

सन दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत माझी पत्नी रेणू हिला नागपूरला न्यायचे होते. आजार हाडांत उतरला होता. बसणे होत नव्हते, म्हणून गाडीत मागे गादी घालून तिला झोपवून न्यायचे ठरले. दिवाळीपासून गाडी कडक झाली होती. साकोलीत हमरस्त्यावर बाबूलालचे गॅरेज आहे. बाबूलाल माझा चौथीपासूनचा मित्र. मला पंडित म्हणणारा तो एकटाच, आणि तो ते कौतुकाने म्हणत नाही. त्याने दिवाळीत गाडीचे तेल बदलले होते. निघायच्या आदल्या दिवशी तो घरी आला, मागच्या बाजूवर हात ठेवून दाबले आणि गोळे गेले म्हणाला. नवे यायला तीन आठवडे.

मी गवंड्याची पाणसळ आणली आणि गाडीच्या मागच्या फळीवर ठेवली. बुडबुडा मध्ये. मी म्हणालो, यंत्राचे काम समतल राखणे आहे, गाडी समतल आहे, म्हणून यंत्र निर्दोष आहे. अनुमानाच्या पायऱ्या, प्रतिज्ञा, हेतू, निगमन, सगळे जागच्या जागी होते.

बाबूलाल म्हणाला, "बुडबुडा मधात हाये पंडित, मले बी दिसते. पन गाडी मेली हाये. वहिनीले यात नेऊ नोको. मी सकाळी जीप घेऊन येतो."

मी त्याला नको म्हणालो. जीपमध्ये तिला झोपता आले नसते, हे एक कारण होते. दुसरे असे की मी नुकताच एक वाद जिंकलो होतो.

लाखनीपर्यंत रेणू गादीची कड धरून होती. तेव्हा रस्त्याचे काम चालू होते. प्रत्येक खड्डा चाकातून सरळ गादीत येत होता आणि गादीतून तिच्या हाडांत. मी वीसच्या वेगाने चालवली, त्याने खड्डे कमी झाले नाहीत, मोजायला मात्र सोपे गेले. भंडाऱ्याच्या अलीकडे तिने थांबायला सांगितले. मी मागे जाऊन बसलो. ती म्हणाली, "बाबूभाऊजी खरं सांगत होते. घरी गेलो का त्यायले सांगजा."

नऊ आठवड्यांनी ती गेली. त्या प्रवासाने आजारात काही फरक पडला नाही असे डॉक्टर म्हणाले. तिचा तो शेवटचा लांबचा प्रवास होता, याबद्दल डॉक्टरांना कोणी विचारले नव्हते.

तेरवीला बाबूलाल आला होता. पत्रावळीवर बसला होता. आणि मी, पंगतीत वाढता वाढता, सगळ्यांदेखत त्याला म्हणालो की तुझ्या तेलाने तिचे हाल केले. म्हणजे जाण्याआधी गाडीत दोष नव्हता आणि नंतर दोष बाबूलालचा होता. दोन्ही मते माझीच. तेल बदलले, मग गाडी कडक झाली, म्हणून तेलाने कडक झाली, असे नववीच्या मुलाने म्हटले असते तर मी त्याला तासभर उभे केले असते. ज्ञानाची साधने मी मुलांना तीस वर्षे शिकवली: डोळ्यांनी पाहणे, अनुमान करणे, विश्वासू माणसाचे शब्द मानणे. गाडीला हात लावून पाहिले नाही. विश्वासू माणसे दोन होती, दोघांचेही शब्द मानले नाहीत. अनुमान तेवढे केले.

बाबूलालने पत्रावळ दुमडली, हात धुतले आणि तो गेला. त्याला सात वर्षे झाली.

तेव्हापासून गाडी गोठ्यात उभी आहे. दर रविवारी मी इंजिन चालू करतो. आठवड्याभरात थोडी बसलेली मागची बाजू मिनिटभरात वर येते. आत कोणी नसते, तरी ती उठते. मी बघतो आणि इंजिन बंद करतो. अकरा महिन्यांपूर्वी अशा गाड्यांच्या पुण्यातल्या एका जाणकाराशी फोनवर बोलणे झाले. तो पहिल्याच वाक्यात म्हणाला, सर, आधी हाताने दाबून बघा. मी दाबले. पाळीवरचा दगड.

रेणूचा निरोप खरा होता हे मला तेव्हा कळले असे म्हणणे सोयीचे आहे, पण हा दस्तऐवज शपथेवरचा आहे. मला ते भंडाऱ्याच्या अलीकडेच कळले होते. बाबूलालचे गॅरेज माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. या अकरा महिन्यांत मी तिथून चारशे वेळा गेलो असेन. दोनदा मोटारसायकल हळू केली.

सबब, सदर गाडी, तिची चावी, कागदपत्रे आणि सुटे भाग माझ्या मृत्यूनंतर बाबूलाल चैतराम हटवार, राहणार साकोली, यांना मिळावेत. अंजूने त्यांना हे कलम वाचून दाखवावे आणि तिच्या आईचा निरोप सांगावा, की ते खरे बोलत होते. माझ्याकडून काही सांगू नये. मला सांगायला सात वर्षे होती.

कलम ७. माझे प्रेत या गाडीतून नेऊ नये. मला तक्रार करता येणार नाही हे मान्य आहे, तरीही. तेरवीला भाषणे नकोत. फोटो लावायचाच असेल तर ओळखपत्रावरचा लावावा, त्यात मी पुरेसा मेलेला दिसतो.

येथे मृत्युपत्र संपत होते. पुढील मजकूर काल आणि आज घडलेल्या गोष्टींमुळे जोडला आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला यात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेबांनी बजावले. गावचे निवृत्त पोस्टमन गोपीचंद तयार झाले. मला कोणाची पत्रे येत नाहीत हे त्यांना अधिकृतरीत्या ठाऊक आहे. दुसरा सापडेना. चिंधूला शेत आहे, गोदावरीबाईंना पाणी आहे, अमरला शिडी मिळते, म्हणून तोही बाद. शाळेतल्या कोणाला सांगितले तर मधल्या सुट्टीपर्यंत माझे हृदय फळ्यावर काढलेले असेल. मी वहीच्या मागच्या पानावर नावे लिहीत गेलो आणि खोडत गेलो. शेवटी एकच उरले, आणि ते कलम सहामध्ये होते.

म्हणून काल, शनिवारी, शाळा सुटल्यावर मी गॅरेजपाशी मोटारसायकल थांबवली. बाबूलाल एका मालवाहू टेम्पोखाली होता. त्याचे पाय तेवढे बाहेर होते. मी हाक मारली. पाय हलले नाहीत, पण हातोडीचा आवाज थांबला. तो बाहेर आला असता तर मला बोलता आले नसते, म्हणून मी पिशवीतून कागद काढला आणि कलम सहा त्याच्या पायांना वाचून दाखवले, तेलाच्या डबीपासून निरोपापर्यंत. रेणूच्या वाक्याला थांबलो, मग पुढे वाचले.

मग तो टेम्पोखालूनच म्हणाला, "ते वहिनीचं एकदा आखीन वाच."

मी पुन्हा वाचले, मग मंगळवारच्या शस्त्रक्रियेचे आणि साक्षीदाराचे अडले आहे तेही सांगितले. तो बाहेर आला, हात पुसत राहिला. केस पांढरे झाले आहेत. ते मी रोज लांबून पाहतच होतो. पोरीला मंगळवारचे सांगितले का, विचारले. मी म्हणालो, कलम एकमध्ये लिहिले आहे. तो म्हणाला, "पोरीले कागदावर काहून सांगून राहिला? फोन नाही का तुह्याजवळ?" आणि मला तिथेच, टायरांच्या ढिगावर बसवून, फोन लावायला लावला. अंजू रडली, मग ओरडली. सोमवारी बाळाला घेऊन येते आहे.

आज सकाळी तो एकोडीला आला. आधी गोठ्यात गेला, गाडीच्या मागच्या बाजूवर दोन्ही तळहात ठेवून दाबले. परत आला आणि गाडी घेणार नाही म्हणाला. मी कारण विचारले.

"तू मेल्यावर मले गाडी भेटंल, मंग मी कोनाले सांगू का पंडितानं कबूल केलं? मले नोको. चावी आताच दे, रिपेर करतो, अन् गाडी तुह्यीच ठेव. मी साक्षीदार होतो. गाडी घेनाऱ्याले सही करता येत नाही न?"

येत नाही, असे मी म्हणालो.

"गोळे तीन हप्त्यानं येतीन," तो म्हणाला. "तोवर मरू नोको."

सबब, कलम सहामधील गाडी देण्याचे वाक्य मी दोन्ही साक्षीदारांसमोर खोडले असून खोडाखोडीवर सही केली आहे. गाडीही घराबरोबर अंजूला जावी. त्या कलमातला बाकी मजकूर तसाच राहील. वकीलसाहेब म्हणतील की जे द्यायचे नाही त्याचे वर्णन मृत्युपत्रात कशाला. त्यांना सांगावे की दिले आहे. चावी दिली.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि आज खालील दोघांच्या समोर प्रत्येक पानावर सही केली.

राजकुमार गोमाजी कापगते
(सही)

ठिकाण: एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

साक्षीदारांनी आपली माहिती स्वतःच्या हाताने भरली आहे.

साक्षीदार १: गोपीचंद सोमाजी लांजेवार, निवृत्त पोस्टमन, एकोडी.
मृत्युपत्र करणाऱ्याशी ओळख: एकतीस वर्षे.
(सही)

साक्षीदार २: बाबूलाल चैतराम हटवार, मोटार मेकॅनिक, साकोली.
मृत्युपत्र करणाऱ्याशी ओळख: अठ्ठेचाळीस वर्षे, मधली सात धरून.
(सही)